बोरीतला अंडीखाऊ

"हालू नका, शेखरभाऊ. बोरीतच हाये तो," रुखमाबाई हळूच म्हणाल्या.

शेखर बांधाच्या उतारावर पोटावर पडून होता. साठीला टेकलेलं शरीर. कोपरं मातीत रुतलेली, मानेत कळ भरलेली. उंद्रीच्या शिवारात सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि दिवस कलला होता. समोरच्या बोरीच्या झाडात होल्याचं घरटं होतं, चार काड्यांचं. त्यात दोन अंडी.

चिखलीत शेखरचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, लग्नं, आणि अलीकडे जास्त करून गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देणं. सापांचे फोटो काढणं हा एवढाच त्याचा स्वतःचा शौक. पण अंडीखाऊ साप त्याला कायम उशिराच भेटला. कधी काठीवर लोंबकळत, कधी बरणीत गुंडाळी होऊन. जिवंत, आपल्या जागी, आपलं पोट भरताना तो कधी दिसला नव्हता. आता डोळ्यांनाही धुरकट दिसायला लागलं होतं. रुखमाबाईंचा फोन आला तेव्हा उठायचाच कंटाळा आला होता. पण या बाईंना नाही म्हणणं जमलं नाही. हरभऱ्याला पाणी देताना नाग चावून त्यांचा मुलगा प्रेम गेला, तेव्हा कॉलेजच्या ओळखपत्रावरून त्याचा फोटो शेखरनेच मोठा करून दिला होता.

"सापाचा फोटो तुमाले कायले पाह्यजे?" त्याने आल्या आल्या विचारलं होतं.

"हा चावत नाही म्हन्ता ना तुमी? मंग दिसू द्या लोकायले. नाही तं भाऊजी मारतीन त्याले."

भाऊजी, म्हणजे त्यांचे दीर उकंडराव, आता काठी घेऊन बांधावर उभेच होते.

"वहिनी, घरातलं पोरगं गेलं, अन् तुमी सापाले राखून राह्यल्या?"

रुखमाबाईंनी मान वळवली नाही. "प्रेम गेला तवा बांधावरचे सारे साप मारून तुमी माह्या दारात आनून टाकले होते, भाऊजी. मी पाह्यले ते. मंग? आलं का पोरगं घरी?"

उकंडरावांची काठी खाली आली नाही.

तेवढ्यात होल्याची मादी फडफडून उडाली. फांदीवरून पाठीवर पांढरट रेघ असलेला बारीक साप घरट्यात उतरला. अंड्याला जिभेने चाचपलं. मग जबडा ताणत, ताणत, डोक्याहून कितीतरी मोठं अंडं त्याने तोंडात घेतलं. शेखर श्वास रोखून बटण दाबत राहिला. गळ्यातला फुगवटा हळूहळू बसला. सापाने चपटं टरफल बाहेर टाकलं आणि तो बोरीच्या मुळांकडे निघून गेला.

शेखरने उकंडरावांपुढे कॅमेरा धरला. "पाहा. चावाजोगे दातच नाहीत याले."

उकंडरावांनी वाकून पाहिलं, बराच वेळ. "आज जाऊ द्या," ते म्हणाले. "पन खुराड्यात दिसला तं मी कोनाचं आयकनार नाही." आणि काठी टेकत गावाकडे निघाले.

इतकी वर्षं हुकलेला फोटो मिळाला होता. आनंद व्हायला हवा होता. शेखरला फक्त बसून राहावंसं वाटत होतं. त्याने कॅमेरा रुखमाबाईंकडे केला. "पाहा ना. तुमच्यामुळं भेटला."

त्यांनी पाहिलं नाही. त्या बोरीकडे पाहत होत्या. मादी परत आली होती. घरट्याच्या काठावर इकडून तिकडे सरकली, चोच खाली घातली, थांबली. मग अंग फुलवून उरलेल्या अंड्यावर बसली.

"त्याचंबी पोट हाये," रुखमाबाई स्वतःशीच म्हणाल्या. पदराने त्यांनी तोंड पुसलं.

शेखर गुडघ्यावर हात देऊन उठला आणि पिशवी खांद्याला लावून बांधाच्या वाटेला लागला.

"तिकून नका जाऊ," त्या म्हणाल्या. "उडंल ते पाखरू."

आणि पुढे होऊन, सोयाबीन दोन्ही हातांनी बाजूला सारत, त्या त्याला वावराच्या लांबच्या अंगाने घेऊन निघाल्या.