राजश्रीच्या जागी

राजश्रीचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, रविवारी रद्द झाला. तेरा वर्षं ती तिथल्या खैतान भागात राहून एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्सचं काम करत होती. ज्या एजन्सीमार्फत ती लागली होती तिचा करार संपला आणि सत्तावीस जणींना महिनाअखेर परत जायला सांगितलं गेलं. दुसरीकडे बदली मिळावी म्हणून तिने फिंतासपर्यंतचे दवाखाने पालथे घातले होते. कुणीच घेतलं नाही.

कागद हातात पडल्यावर तिने पहिला फोन पुण्यातल्या भावाला नाही, असमाला केला.

असमा कुवेती, शाळेत गणित शिकवायची, आणि दोघी खेळायच्या त्या आइस हॉकी संघाची कप्तान होती. बायकांच्या लीगमध्ये दोन गट होते. वरच्या गटातल्या मुली परदेशात खेळून यायच्या. खालच्या गटात चार संघ. त्यात नर्सेस, शिक्षिका आणि कॉलेजच्या काही मुली. कित्येकींना बर्फावर धड थांबताही येत नसे. राजश्री शाळेत असताना पुण्यात रोलर स्केटिंग करायची, तेवढ्या शिदोरीवर ती गोलकीपर झाली होती. कोरोनाच्या साथीत तिच्या वॉर्डात एका आठवड्यात एकोणीस माणसं गेली. त्यानंतर कितीतरी महिने तिला श्वास पुरत नसे. तो पुरला तो पहिल्यांदा त्या बर्फाच्या रिंकवर.

"इकाम्याबरोबर सिव्हिल आयडीचं ओळखपत्रही बंद झालं. ते चालू नसेल तर तुला खेळता येणार नाही," असमा म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर फोन केला."

 मागच्या महिन्यात सगळ्यांच्या ड्युट्या आल्यामुळे त्यांचा एक सामना सोडून द्यावा लागला होता. दुसरा सोडला की संघ लीगमधून बाद, आणि शुक्रवार सकाळची त्यांची वेळ पुरुषांच्या संघाला जाणार. शुक्रवारी सामना होता. गोलकीपरशिवाय मैदानात उतरता येत नव्हतं, आणि दुसरी गोलकीपर नव्हती; खेळणाऱ्या मुली मोजक्याच, त्यातली एक गोलात गेली की संघ पुरा पडत नव्हता.

सोमवारी राजश्रीने ओळखीच्या विनिताला फोन करून मुलीला गोलात पाठवशील का, असं विचारलं. विनिताचा नवरा तेल कंपनीत इंजिनियर होता, मुलगी स्पृहा आठवड्यातून दोनदा त्याच रिंकवर स्केटिंगला यायची.

"राजश्री, तिचं बारावीचं वर्ष आहे," विनिता म्हणाली. "दात-बित पडला तर मी काय करू?"

मागून स्पृहाचा आवाज आला, "ममा, आय कॅन डू इट." विनिताने फोन ठेवून दिला.

मंगळवारी राजश्रीने वॉर्डातल्या अकरा जणींना विचारलं, एकही तयार झाली नाही. बुधवारी दुपारी ती घरी येऊन सामान न भरताच पलंगावर बसून रडत होती. शामलाताई तिच्याबरोबर त्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं राहत होत्या. लातूरच्या, एक्स-रे टेक्निशियन, वय बावन्न.

"रडायलीस कशाला? जायचंच हाय तर जायचं."

"जाण्याचं नाही हो. माझ्यामागे ते सगळं बंद पडेल. उद्या पाचपर्यंत नाव द्यायचंय गोलकीपरचं."

शामलाताई तिच्याजवळ पलंगावर टेकल्या. मग म्हणाल्या, "गोलात पळावं लागतं का?"

"नाही. उभं राहावं लागतं."

"मग माझं नाव दे."

राजश्रीने नको म्हणायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. तिने नाव दिलं.

गुरुवारी दुपारी ती त्यांना रिंकवर घेऊन गेली. बाहेर जूनचं ऊन, आत हाडं गारठवणारी थंडी. शामलाताई दीड तासात नऊ वेळा पडल्या. शेवटी गोलाच्या खांबाला धरून त्या मिनिटभर सरळ उभ्या राहू शकल्या. तेवढंच जमलं.

शुक्रवारी राजश्रीने स्वतःचे पॅड त्यांच्या पायांना बांधले. प्रत्येक पट्टा तिने दोनदा आवळून पाहिला. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन भागांचा होता. पहिल्या भागात आठ गोल झाले. रबराची ती जाड चकती कुठून येते हे शामलाताईंना दिसतच नव्हतं. दुसऱ्या भागात एकदा ती थेट त्यांच्या मास्कवर आदळली आणि त्या गुडघ्यावर कोसळल्या.

रेफरीने शिट्टी वाजवली. कठड्याजवळची राजश्री साध्या बुटांनीच बर्फावर धावली.

"ताई, बास झालं. चला."

"किती वेळ राहिलाय?"

"एकवीस मिनिटं. ताई, तुमचा गुडघा सुजतोय. सोडा आता, मी पाया पडते तुमच्या."

"मी सोडलं तर पोरी बाद ना?"

राजश्रीला खोटं बोलता आलं नाही.

"मग उठव मला. आणि खांबाला टेकवून दे."

तिने काखेत हात घालून त्यांना उठवलं. असमाने दुसऱ्या बाजूने धरलं. नंतरची एकवीस मिनिटं राजश्री कठड्याला कपाळ टेकून उभी होती. बरेचदा तिने डोळे मिटून घेतले. हे आपण एका माणसाला करायला लावलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. समोरच्या संघातली एक मुलगी शेवटी शेवटी मुद्दाम बाजूला मारू लागली, तेव्हा शामलाताई मराठीतच तिच्यावर ओरडल्या, "नीट मार की."

शून्य विरुद्ध एकोणीस. सामना पूर्ण झाला. संघ राहिला.

एक्स-रे शामलाताईंनी आपल्याच विभागात काढून घेतला. हाड शाबूत होतं; लिगामेंट फाटल्याचं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तीन आठवडे त्या काठी घेऊन कामावर गेल्या. सामन्यानंतरच्या मंगळवारी राजश्रीचं विमान होतं. शामलाताई विमानतळावर येऊ शकल्या नाहीत.

पुण्यात आल्यावर राजश्रीने चार हॉस्पिटलांत अर्ज केले. एका सकाळी विनिताचा फोन आला. तिचा आवाज ओशाळलेला होता.

"स्पृहा उतरतेय पुढच्या सामन्याला. ऐकतच नाही. गोलात पहिल्यांदा काय करायचं, ते सांगशील तिला?"

राजश्री उठून गॅलरीत गेली. 

"दे तिला," ती म्हणाली.