येते म्हणाली ती

सेफ्टी पिन होती ती. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिथे आरपार खुपसलेली, आणि शांताबाईंचं पाऊल उचललं की चमकायची, टेकलं की कातळावर कट्‌ वाजायची — सिद्धेश मघापासून तेवढीच बघत होता. मागून चालणाऱ्याला माणसांच्या टाचाच दिसतात. सहा वर्षं पावसाळ्यातल्या दर रविवारी तो असाच सगळ्यांच्या मागून चालला होता. पंधरा माणसं असोत की तीस, शेवटचा सिद्धेश. कोणाच्या बुटाचा सोल सुटलाय, कोणाचा घोटा दुखतोय, कोण दमलंय आणि दमलो म्हणायला लाजतंय, सगळं त्याला टाचांवरून कळायचं. आणि नियम काय, तर एकच — शेवटच्या माणसानं कोणाच्याही पुढे जायचं नाही. एवढा एक नियम, अरे, पाळायला अक्कलसुद्धा लागत नाही!

"जपून, मावशी. पिन टोचेल."

"टोचू दे रं बाबा," शांताबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून पुढची पायरी चढल्या.

मुलुंडच्या मागे, नॅशनल पार्कच्या डोंगरात आत आत शिरलेली ही घळ. पावसाळ्यात तीन धबधबे, एकावर एक, आणि त्यांच्या कडेकडेनं वाट. आता फेब्रुवारीत थेंब नाही. नुसता काळा कातळ, त्यावर वाळून पांढरं पडलेलं शेवाळ, आणि घोट्यापर्यंत पाचोळा... पहिला धबधबा हाच का, असं त्यांनी खाली विचारलं तेव्हा त्याला हो म्हणायलाही लाज वाटली होती. एवढ्याशा भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्यानं माणूस नेलं, हे त्या कोरड्या दगडाकडे बघून कोणाला खरं वाटलं असतं? पण नेलं होतं. माधुरीला नेलं होतं, शांताबाईंच्या मुलीला, एकतीस वर्षांच्या, बँकेत नोकरीला असलेल्या, पोहता येणाऱ्या मुलीला, ऑगस्टमध्ये, आणि शेवटचा माणूस सिद्धेश होता.

सहा महिन्यांत त्यानं त्यांना दोनदा बघितलं. एकदा हॉस्पिटलच्या आवारात, एकदा घाटकोपरच्या घरी, जलदानविधीला, तो दारातच उभा होता तेव्हा. आणि परवा फोन — सिद्धेश का? माधुरीची आई बोलते. मला ती जागा दाखव. — त्याला वाटलं, चला, आली वेळ. वर नेऊन ही बाई आपल्या थोबाडीत देईल. रात्रभर तो त्या थोबाडीची वाट बघत पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं. कारण आजवर कोणी एक शब्द बोललं नव्हतं. हर्षद, त्यांच्या ग्रुपचा म्होरक्या, म्हणाला, तुझी काय चूक रे? बायको, ऋतिका, म्हणाली, तू किती वेळा तेच उगाळणार? पोलिसांनी जबाब घेतला, त्यात स्वच्छ लिहिलं, 'सदर महिला सांगून निघून गेली.' सांगून. सही त्याचीच.

कारण सांगितलं होतंच तिनं. येते, म्हणाली होती.

किती वेळा, किती हजार वेळा त्यानं ते पुन्हा घडवून बघितलं... तिसऱ्या धबधब्याच्या पायथ्याशी वाटेला फाटा फुटतो. एक वाट घळीतून खाली, आलो तशी. दुसरी ओढा ओलांडून डावीकडे, वीस मिनिटांत कॉलनीच्या रस्त्याला. माधुरी सकाळीच म्हणाली होती की तिला लवकर निघायचंय, चेंबूरला मामेबहिणीची हळद आहे. त्या डाव्या वाटेनं याआधीही लोक मधेच गेलेले होते, ओळखीची वाट. ती दगडावर बसून बुटातली माती धूत होती. तेरा जण पुढे उतरले होते, चौदावी ती, पंधरावा तो. त्यानं हाक मारली, "माधुरी, चल गं!" पाण्याचा आवाज एवढा की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. तिनं मान वर केली, हात हलवला आणि ओरडली — येते! आणि तो म्हणाला, "बरं, नीट जा!" आणि वळला. आणि उतरला.

आता सांगा, काय ऐकावं माणसानं? मराठी माणूस निघताना जातो म्हणतो का कधी? त्याची आई, गिरणीतल्या माणसाची मालवणी बायको, त्यानं लहानपणी दारातून "जातंय गे" म्हटलं की पाठीत धपाटा घालायची : "जातंय म्हणा नको रे मेल्या, येतंय म्हण!" जाणारा येतेच म्हणतो. आणि मागून येणारीही येतेच म्हणते. एकच शब्द. हळदीला निघाली असेल तर तिनं निरोप घेतला. आणि निघाली नसेल तर ती म्हणत होती, थांब, बूट घालते आणि येते. थांब. वर कुठेतरी पाऊस कोसळला असावा, अर्ध्या तासात घळ भरली. ओढा दोन्ही वाटांना आडवा येतो. पाण्यानं तिला कुठून उचललं ते पाण्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या धबधब्याच्या खाली सापडली. आणि खाली माणसं मोजताना हर्षदनं विचारलं, चौदावी कुठाय, तर मीच म्हणालो, मी, माझ्या तोंडानं — ती गेली. मला सांगून गेली.

तिचा हात कसा हलला होता? तळवा आपल्याकडे की तिच्याकडे? कधी असा दिसायचा, कधी तसा. ऑफिसात, जेवताना, मुलीच्या वहीला कव्हर घालताना. निम्मं-निम्मं. त्या निम्म्यावर तो सहा महिने जगला होता. अगदी असह्य झालं की स्वतःला म्हणायचा, निघालीच असेल रे. आणि मग घास गिळता यायचा. लाज वाटायची, पण गिळता यायचा.

"हीच का?" शांताबाई थांबल्या.

"हो. हा तिसरा. आणि ती... त्या दगडावर बसली होती."

त्या दगडाजवळ गेल्या. त्यावर हात फिरवला, नुसता, लादी पुसल्यासारखा, दोनदा. मग खाली बसून पिशवीतून मेणबत्ती काढली, काडेपेटी काढली, आजूबाजूला बघितलं. "पाचोळा हाय," त्या म्हणाल्या, "पेटंल. राहू दे." आणि दोन्ही वस्तू परत पिशवीत ठेवल्या. हात जोडले, ओठ हलत राहिले बराच वेळ. सिद्धेश उभा होता. आता बोलेल. आता वळेल आणि मारेल... मार ना मावशी, एकदा मार.

"शेवटचं तुझ्याशीच बोलली ना?"

"हो."

"काय म्हणली?"

"येते म्हणाली."

त्यांनी मान डोलावली. जबाबात वाचलं होतं त्यांनी. मग पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "आन् जयभीम?"

त्याला कळलं नाही.

"आमच्या घरातली रीतच हाय ती. हिच्या बापानं लावलेली. खाली दुकानात मीठ आणाया निघाली तरी उंबऱ्यातनं जयभीम करून जायची. भांडून निघाली तरी. रागानं करायची, दार आपटून करायची, पन करायची. कुणाला बी. बँकेतल्या वॉचमनला करायची, तो हसायचा तिला." त्या जरा हसल्या, आणि मग चेहरा मोडलाच त्यांचा. "त्या दिशी सकाळी मी झोपलेली रं. तिनं केला आसंल, मला ऐकू न्हाई आला. म्हनून एवढंच इचारायचं होतं, दुसरं काय बी न्हाई. जाताना तुला तरी केला का तिनं?"

आणि सिद्धेशला आठवलं. सगळंच एकदम आठवलं, विसरलेलं नव्हतंच ते, फक्त तिकडे कधी बघितलं नव्हतं. चार ट्रेक केले होते तिनं त्यांच्याबरोबर. चारही वेळा परत आल्यावर मुलुंडच्या नाक्यावर, रिक्षात बसल्यावर, डोकं बाहेर काढून — "जयभीम, सिद्धेश!" खणखणीत. आजूबाजूची माणसं वळून बघायची. आणि तो? तो हात अर्धा वर करून म्हणायचा, "हो हो, बाय." हो हो! काय लाजण्यासारखं होतं त्यात? काय गेलं असतं तुझं, भल्या माणसा? चारही वेळा हो हो. येते कधीच म्हणाली नव्हती ती निघताना. एकदाही नाही. निघतानाचा तिचा शब्द त्याला पाठ होता, आणि तिसऱ्या धबधब्यापाशी तो शब्द आला नव्हता.

ती निघाली नव्हतीच. ती येत होती. बूट घालून, माझ्या मागून, मी आहे म्हणून.

"सिद्धेश?"

शांताबाई त्याच्याकडे बघत होत्या. किती लहान झाला होता त्यांचा चेहरा. सांग. आत्ता सांग, पाया पड आणि सांग, यापरती वेळ मिळायची नाही — त्यानं तोंड उघडलं.

"केला," तो म्हणाला. "मोठ्यानं केला. पाण्याच्या आवाजातसुद्धा ऐकू आला."

"आं? केला?" त्यांनी छातीशी हात नेला. "मग ठीक. मग सांगून गेली. कुनाला तरी सांगून गेली माझी पोर." आणि रडता रडता, अगदी सहज, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "आन् तू? तू काय म्हनलास?"

घळीत वारा नव्हता. कुठेतरी वर वानर खाकरलं.

"जयभीम म्हणालो," सिद्धेश म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. शांताबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले, आणि म्हणाल्या, तू होतास म्हणून बरं झालं रं बाबा, लई बरं झालं. आता त्या हे घरी सांगतील. तिच्या भावाला, धम्मपालला सांगतील, शेजारीपाजारी सांगतील, वर्षाच्या कार्यक्रमाला त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतील. आणि तो जाईल. हात काढून घ्यावेत असं त्याला वाटलं, पण त्या सोडेनात, आणि त्यांच्या तळव्यांची ऊब त्याच्या मनगटांपर्यंत चढत गेली, आणि त्याला जाणवलं की ते निम्मं कुठेच उरलेलं नाही. तळवा इकडे की तिकडे, काही दिसत नव्हतं, नुसतं स्वच्छ कळत होतं. हे ज्या एका माणसाला सांगता आलं असतं त्या माणसाचा आत्ताच त्यानं जीव शांत केला होता. आता कोणाला सांगायचं? तो उभा राहिला, हात त्यांच्या हातात देऊन, आणि त्या म्हणतील तेव्हा निघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.