भिमाजींची बिनबटणाची डबी

मित्रांनो, तुम्ही मला कुठे पडलेली पाहिलीत तर जेवणाच्या डब्याचा सुटलेला कप्पा समजाल. माझ्यावर फिरवायला बटण नाही, दाबायला खटका नाही. एका अंगाला वायर खोचायचे एक भोक, दुसऱ्या अंगाला दुसरे, आणि पोटात एक चौकोनी बॅटरी. मी एक जुनी बफर आहे, वाद्य आणि स्पीकर यांच्यामध्ये वायरीने जोडायची डबी. मला स्वतःचा आवाज नाही.

कारेगावात भिमाजींचे मोटारी दुरुस्त करायचे दुकान होते. त्यांचा मुलगा इंद्रजीत कंपनीत कामाला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी पोपटच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. गिटारवाले पायाने दाबतात ती पेडल त्याने बेंजोला जोडली होती. लाल पेडल आवाज फाटका करायचे, निळे घुमवायचे, आणि एक हिरवे होते ते बेंजोची पुंगी करायचे. लोक नाचायचे त्या हिरव्यावर. इंद्रजीत टेंपोत बसायचा आणि स्पीकर पुढच्या गाडीवर असायचे. एवढ्या पेडलांतून आणि एवढ्या लांब वायरीतून जाता जाता बेंजोची धार बोथट व्हायची.

हे ध्यानात आले ते भिमाजींच्या, म्हणजे इंद्रजीतच्या आप्पांच्या. वरातीत गर्दीमागे उभे राहून ते म्हणाले, "पोरा, तुझा आवाज वाटंतच सांडतोय." मग त्यांनी दुकान बंद केल्यावर जुळवाजुळव करून मला बनवले. माझी जागा सगळ्यांच्या आधी, बेंजोला लागून. बेंजोचा बारीक आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचे आणि जसा आला तसा पुढे धाडायचा. त्यात आपले काही घालायचे नाही. माझे कौतुक कधी कुणी केले नाही, आणि मला त्याचे काही वाटलेही नाही.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर भिमाजी गेले. त्यांच्या पत्नी साखरबाई तेव्हा रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या, त्या बसूनच राहिल्या. कुणी ताट वाढले तर जेवायच्या, नाही वाढले तर मागायच्या नाहीत. इंद्रजीत घरात पाय न वाजवता चालायचा. आईपुढे काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा विचार करता करता तो बोलेनासाच झाला. त्या घरात सगळेच माझ्यासारखे झाले होते.

वर्षश्राद्ध झाले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इंद्रजीतने बेंजो आणि पेडल पाटावर मांडली आणि तो झेंडू आणायला गेला. परत येतो तर साखरबाई उठून पाटापुढे बसलेल्या! ओल्या बोटाने त्या एकेका पेडलाला हळदकुंकू लावत होत्या. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या. नवऱ्याच्या हातची वस्तू म्हणून मला दुप्पट कुंकू लावले, वर मूठभर अक्षता टाकल्या. एक अक्षत माझ्या भोकात गेली. कुंकवाचे पाणीही गेले. इंद्रजीत झेंडू हातात धरून दारातच उभा राहिला. आई उठली, एवढेच त्याला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दौंडला देवीच्या मिरवणुकीत बेंजो खरखरला आणि एकदम गप्प झाला. इंद्रजीतने घाईघाईने सगळी पेडल काढली आणि एकेक जोडून पाहू लागला.

"इंद्या, मिरवणूक थांबली रं!" पोपट ओरडला. "कुठलं बिघडलंय?"

"आप्पांची डबी."

"मग ती काढ की! तिचा आवाज तरी कुठं हाय?"

मला काढले आणि बेंजो वाजला. पण घोंगडीखालून बोलावे तसा. लोक नाचले. हिरव्या पेडलावर तर फारच नाचले. इंद्रजीत मान खाली घालून वाजवत राहिला.

सकाळी त्याने ओट्यावर मला उघडले. आत फुगलेला तांदूळ आणि लाल चिखल होता. तेवढ्यात साखरबाई चहा घेऊन आल्या. वर्षात पहिल्यांदा त्यांनी आपणहून चहा केला होता. इंद्रजीतने तांदूळ मुठीत झाकला.

"वाजलं का नीट?" त्यांनी विचारले.

"झ्याक वाजलं."

"मंग आता रोज पूजा करीन मी ह्या समद्यांची."

नको म्हणावे तर कारण सांगावे लागणार. कारण सांगितले तर आई पुन्हा भिंतीला जाऊन टेकणार. त्याने मला तसेच बंद केले आणि देव्हाऱ्यात ठेवले. "ह्या एकीची केलीस तरी समद्यांची झाली," तो म्हणाला.

अशी मी देवांच्या रांगेत बसले. रोज फूल, रोज कुंकू. माझे दुसरे भोकही बुजले. साखरबाई रोज उठत होत्या. बाजारात नवी बफर मिळते, पण इंद्रजीतने आणली नाही. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही.

तुळशीची लग्ने झाली आणि एक वरात आमच्या दारावरून गेली. बेंजोवर इंद्रजीतच होता. साखरबाई उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. वरात लांब गेली तरी त्या आत आल्या नाहीत. तो घरी येऊन जेवायला बसला तेव्हा त्यांनी मला देव्हाऱ्यातून उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवले.

"बुजलेला वाजतोय तुझा बेंजो. हिच्याबिगर वाजवतोस व्हय?"

इंद्रजीत ताटातली भाकरी कुस्करत राहिला.

साखरबाईंनी मला उजेडाकडे धरून भोकात पाहिले. "माझ्याच कुकवानं झालं न्हवं हे?"

"आई, तू आत्ता कुठं उठाया लागली हुतीस... म्हणलं, सांगितलं तर..."

"तर काय? मरंन मी?" त्यांचा आवाज चढला. त्या घराने असा आवाज वर्षभर ऐकला नव्हता. "त्यांनी तुझ्यासाठी बनवली आन् तू देवात बसवलीस! मला सांगायला तोंड न्हवतं का? साफ कर ती. पुढची सुपारी कुठं हाय?"

"केडगावला."

"मला टेंपोत घे. मीबी ऐकते."

त्याने मला कापसाने पुसले, भोके खरवडली, बॅटरी बदलली. केडगावच्या वरातीत मी माझ्या जागी होते. साखरबाई पेडलांशेजारी पोत्यावर बसल्या होत्या. इंद्रजीतने आधी कुठलेच पेडल दाबले नाही. नुसता बेंजो माझ्यातून गेला, धारदार, जसाच्या तसा. साखरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोठ्याने रडू लागल्या. नवरदेवाकडची माणसे वळून पाहू लागली. पोपटने हाताने खूण केली, थांब म्हणून. इंद्रजीत थांबला नाही.

मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवा, पूजेचे कुंकू वरच्या पत्र्याला लावा, भोकांना नको. आणि घरात कुणी गप्प बसले असेल तर त्याला जपण्यासाठी खरी गोष्ट दाबून ठेवू नका. ती सांगा. रडले तर रडू द्या, शेजारी बसून राहा.