अभिमनभाऊंचा नाकतोडा

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांइतकी निर्धास्त माणसं दुसरी नसतात. खाटेवरच्याला उठून जाता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. धुळ्यात, देवपुरात, अभिमनभाऊंना लकवा मारल्याची बातमी पसरली आणि त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागला. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि वाचाही गेली होती. ज्या माणसाने निम्म्या खानदेशाला शिव्या घालघालून मोटरसायकल चालवायला शिकवली, त्याच्या तोंडून आता नुसता घोगरा 'आ, आ' निघत होता.

समजत मात्र सगळं होतं. खरी पंचाईत तीच होती. डोक्यात वाक्य नीट तयार व्हायचं आणि ओठांपाशी येईस्तोवर कुठे विरून जायचं, ते त्यांचं त्यांनाच कळत नसे. सुरुवातीला तर मानेचाही भरवसा राहिला नव्हता. बायकोने, ताईबाईने, चहा देऊ का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि ती कप घेऊन परत निघाली तशी डाव्या हाताने तिचा पदर धरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. यांच्या हो-नाहीवर सध्या जाऊ नका, प्रश्न विचारून शिणवू नका, जुन्या गोष्टी काढा, मन रमेल. यातलं शेवटचं लोकांनी फारच मनावर घेतलं.

जुन्या गोष्टी म्हणजे दुसरं काय, नाकतोडा. ही अभिमनभाऊंची जावा मोटरसायकल. तरुणपणी त्यांनी ती भंगारातून उचलली, चेसिस कापली, हँडल जिथे बसतं तो गळा उंच करून स्वतःच्या हाताने वेल्डिंग मारलं, सायलेन्सर वळवून सीटच्या उंचीला नेला आणि चाकांना खडबडीत टायर चढवले. मग ती नाल्यांतून, ढेकळांतून, बांधांवरून उड्या मारत सुटली आणि कुणीतरी तिला नाकतोडा म्हटलं. धुळे-जळगावकडच्या गाडीवेड्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवायची नाही. पण नाकतोडा पहिल्यांदा कुठे दिसला, ते विचारा, त्या दिवशी जेवायला काय होतं तेही सांगतील.

चोपड्याचे रुपचंदनाना केळीच्या बागा सोडून मुद्दाम आले होते. खाटेच्या उशाशी बसून त्यांनी चहा बशीत ओतला आणि सुरू केलं. सातपुड्याच्या पायथ्याचा नाला फुगलेला, बैलगाड्या अलीकडे अडकलेल्या, आणि पलीकडून ही लालभडक गाडी पाणी उडवत आली. अभिमनभाऊंनी डोळे मिटून घेतले. गाडी जन्मात कधी लाल नव्हती. काळ्याखेरीज दुसरा रंग त्यांनी तिला लागू दिला नव्हता.

जळगावच्या मेहरूणचे हाशमभाई नानांना मध्येच तोडत म्हणाले, की त्याच्याही आधी आपण ती तलावाच्या काठावर पाहिली. हाशमभाईंचा धंदा सीटा शिवायचा. काठाच्या चढावरून गाडी हवेत गेली तेव्हा आपण हातातली भजी टाकून पळालो आणि पुढच्याच आठवड्यात तिची लांब सीट कापून आखूड करून दिली, असं त्यांचं म्हणणं. कोण आधी, यावरून दोघे म्हातारे चांगलेच हमरीतुमरीवर आले. ज्याला खरं माहीत होतं तो मध्ये पडून होता, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. अभिमनभाऊंना रागही येत होता आणि हसूही. आजारपणात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं, हेही खरंच.

तेवढ्यात मगन आला. मगन हा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, यशोदाअक्कांचा, एकुलता एक. वडील गेल्यावर मामाच्याच गॅरेजमध्ये वाढला, तिथेच शिकला, आता तिशीचा होऊन ते चालवतही होता. हातात पेढ्यांचा पुडा होता. गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर येत्या रविवारी मोटरसायकल क्लबची शर्यत होती. मातीचा ट्रॅक, तीन मोठे उंचवटे. मगनने मामाच्या पायांना हात लावला.

"मामा, अवंदा नाकतोडावर मी बसस. तुमनं नाव खाली पडू देवाव नही."

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. अभिमनभाऊंनी मात्र डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं.

कारण गाडीच्या गळ्याला चीर होती. केसाएवढी, पण होती. लकवा मारला त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी टाकी उतरवली होती, तेव्हा ती दिसली. त्यांच्याच जुन्या वेल्डिंगला लागून, खालच्या बाजूने अर्ध्याहून अधिक फिरलेली. त्यांनी तिच्याभोवती खडूने गोल काढला आणि उद्या सगळं खोलून नव्याने वेल्डिंगचा डाग मारू म्हणून शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पडले ते पडलेच. रस्त्यावर हळू चालवली तर ती गाडी वर्षभरही काढेल. उंचवट्यावरून उडवली, तर खाली टेकताना गळा तुटणार आणि पुढचं चाक हँडलसकट हातात येणार.

त्यांनी मान हलवली. नाही, नाही, नाही. जेवढी हलवता येईल तेवढी हलवली.

मगनने आनंदाने मामीकडे पाहिलं. मामा नाही म्हणताहेत म्हणजे हो म्हणताहेत, हे आता गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. अभिमनभाऊंच्या लक्षात आलं, की आपली मान गेले दोन-तीन दिवस अगदी बरोबर चालतेय आणि तिच्यावर आता कुणाचाच विश्वास उरलेला नाही. मग त्यांना रडू फुटलं. त्या रडण्याचाही सगळ्यांनी आपापल्या परीने चांगलाच अर्थ लावला.

चीर आपोआप दिसेल, ही एक आशा होती. खडूचा गोल तर होताच. पण हाशमभाईंनी बोलता बोलता सांगून टाकलं, की काल मी आणि गॅरेजमधल्या दोन पोरांनी मिळून गाडी घासूनपुसून लख्ख केली, टाकीखाली कुणीतरी खडूने रेघोट्या मारल्या होत्या त्यासुद्धा घासलेटच्या बोळ्याने काढल्या, वरून काळा रंग मारला आणि टाकी चढवली. दोस्ताची गाडी मैदानात उतरायची तर ती नवरीसारखी दिसायला हवी, असं म्हणून त्यांनी अभिमनभाऊंचा निकामी हात प्रेमाने दाबला. अभिमनभाऊंना वाटलं, उठावं आणि या माणसाच्या एक कानाखाली ठेवून द्यावी. आयुष्यात इतकं प्रेम त्यांच्यावर कुणी केलं नव्हतं आणि इतका संतापही त्यांना कधी आला नव्हता.

ताईबाईने सरावासाठी पाटी आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मागितली, म्हणजे तिच्याकडे बोट करून ओरडले. अक्षरं तर येईनात; 'मगन'मधला 'म' काढायला गेले आणि नुसती गिचमीड झाली. मग चित्र काढायला घेतलं. डाव्या हाताने दोन चाकं काढली, टाकी काढली, हँडल काढलं, आणि गळ्यापाशी एक मोठी फुली मारली. तेवढ्याने घाम सुटला. पाटी छातीशी धरून ते फुलीवर बोट आपटत राहिले.

ताईबाईने पाटी हातात घेतली आणि तिचा चेहरा असा उजळला, की त्यांना क्षणभर वाटलं, कळलं हिला. ती पाटी घेऊन शेजारणीकडे धावली. माणसाला लकवा मारला तरी गाडी विसरला नाही, म्हणून अख्खी गल्ली ते चित्र बघून गेली. रुपचंदनानांनी ते पुसू नका म्हणून बजावलं. रविवारी मैदानावर टेबल मांडून, हार घालून ती पाटी ठेवायची असं ठरलं. फुली म्हणजे काय, असा प्रश्न एकट्या मगनला पडला. तो बराच वेळ पाटी निरखत उभा होता. अभिमनभाऊंनी पुन्हा फुलीकडे बोट केलं.

"ही मन्ही जागा शे," मगन शेवटी म्हणाला. "मामानी दाखाडी, हँडल घट धर म्हने."

शनिवारी त्यांनी गाडीच अंगणात आणली. मामाला एकदा बसवायचं, ही कल्पना मगनची. चौघांनी उचलून त्यांना सीटवर ठेवलं, ताईबाईने कुंकू आणलं, नारळ आणला. अभिमनभाऊंना वाटलं, देवाने दिलेली हीच काय ती संधी. त्यांनी डावा हात टाकीखाली घातला, बोटांनी गळा शोधला आणि रंग खरवडायला लागले. ताजा रंग नखांत भरला. आणखी जरासा निघाला असता तर खालचं उघडं पडलं असतं. पण नख मोडलं आणि रक्त आलं. लोक म्हणाले, बघा कसे कुरवाळताहेत. मग त्यांनी प्लगची वायर उपटली, पेट्रोलची नळी ओढून काढली. पेट्रोल अंगणात सांडलं. मगन हसत हसत खाली बसला आणि नळी पुन्हा बसवली; मामा आजूनबी गाडी तपासल्याबिगर सोडत नहीत, असं तो सगळ्यांना सांगत होता. शेवटी त्यांनी हँडलची मूठ घट्ट धरली आणि सोडेचनात. ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. सोडवताना हाशमभाई ओक्साबोक्शी रडत होते.

रविवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. ताईबाईलाही सगळ्यांनी मैदानावर नेलं होतं. शेजारची एक म्हातारी तेवढी दारात शेंगा निवडत बसली होती. मगनने जाताना मुद्दाम गल्लीतून गाडी काढली. खिडकीशी थांबून त्याने दोनदा रेस दिली. अभिमनभाऊ ओरडले. गाडीच्या आवाजापुढे ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. आवाज पांझरा नदीच्या पुलाकडे गेला, पुलावर मोठा झाला, मग लहान होत होत नाहीसा झाला. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने विचारलं, पाणी हवं का.

दुपारी ताईबाई परत आली ती चप्पल न घालताच. काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या उंचवट्यानंतर गाडी खाली टेकली आणि तिचे दोन तुकडे झाले, एवढं त्यांना दारातल्या बोलण्यावरून समजलं. मगन दवाखान्यात नेईपर्यंतही राहिला नव्हता.

दुखवटा काढायला भावाने बहिणीला माहेरी आणायचं असतं. इथे भाऊच खाटेवर पडलेला. म्हणून दिवस उरकल्यावर यशोदाअक्का आपल्याच पायांनी त्याच्याकडे आल्या. रुपचंदनाना आणि हाशमभाईही आले होते. पण आता कुणी कसलीच आठवण काढत नव्हतं. हाशमभाई खाली मान घालून एवढंच म्हणाले, की तुकडे पाहिले, गळ्याचा अर्धा भाग आतून गंजलेला होता, म्हणजे तो आधीपासूनच चिरलेला होता. मग त्यांना ती खडूची रेघ आठवली असावी. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि उठून बाहेर गेले.

अक्का खाटेजवळ सरकल्या. इतक्या दिवसांत गाडीबद्दल अभिमनभाऊंना सरळ प्रश्न विचारणारं हे पहिलंच माणूस.

"अभिमन, तुले माहीत व्हतं का रे भाऊ?"

त्यांना नाही म्हणता आलं असतं. तेवढी मान आता त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी अक्कांच्या डोळ्यांत पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. सावकाश, एकदा. मग पुन्हा एकदा. मला माहीत होतं, अक्का, मी सांगत होतो, मी सगळ्यांना सांगत होतो. डावा हात पुढे करून त्यांनी अक्कांना मोडलेलं नख दाखवलं.

ताईबाई घाईने पुढे झाली. "अक्का, त्यासना मानवर जाऊ नका. त्यासनं हो म्हंजे नही ऱ्हास."

अक्कांचा चेहरा निवला. अभिमनभाऊ मान हलवतच राहिले, हो, हो, हो, आणि जितकी ती हलली तितका तो चेहरा निवत गेला. अक्कांनी त्यांचा पुढे आलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"माले ठाऊक शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुले माहीत ऱ्हातं, तर तू मन्हा मगनले जाऊ देता का?"