डॉक्टर सांगतील

“ही सही तुमचीच ना, ताई?”

अंतराळवीराने तपासणीच्या पलंगावर सहा कागद पसरले. सोनोग्राफीच्या यंत्रापाशी बसलेल्या ताईंनी चष्मा सारखा केला. सही त्यांचीच होती, शेवटचं अक्षर लांब ओढलेली.

अंतराळातून परतलेल्यांच्या हृदयाची आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची दरवर्षी तपासणी होई. चोवीस वर्षं ती ताईच करत होत्या. हा गडी दरवेळी पलंगावर पडल्या पडल्या विचारायचा, “काय ताई, पास की नापास?” त्या हसून म्हणायच्या, “डॉक्टर सांगतील.” तंत्रज्ञाने रुग्णाला काही सांगायचं नाही, हा तिथला दंडक. ताईंनी तो कधी मोडला नव्हता.

“माझ्या तपासणीच्या तिसऱ्या वर्षापासून लिहिताय तुम्ही. धमनीची भिंत जाड होतेय, कडक होतेय. आणि त्यानंतर मी दोनदा वर जाऊन आलो! परवा छातीत कळ आली, तेव्हा बायकोनं जुने रिपोर्ट मागवले. म्हणून कळलं.”

“पण मी डॉक्टरांना विचारलं होतं,” ताई म्हणाल्या. “म्हणाले, सांगितलंय त्याला. तोच जायचं म्हणतोय.”

“मला म्हणाले, ठणठणीत आहेस, घोडा आहेस घोडा!”

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. वर जाणारी माणसं मोजकीच, यानातली जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून डॉक्टर दोघांशीही खोटं बोलले, हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा ‘असा देवमाणूस पुन्हा होणे नाही’ असं भाषण ताईंनीच ठोकलं होतं. त्या देवमाणसाने दोघांचाही केसाने गळा कापला होता.

“त्यांचं सोडा, ते साहेब. पण तुम्ही? दरवर्षी माझ्याकडे बघून हसत होतात.”

याला सगळं ठाऊक आहे आणि तरी चेष्टा करतोय, केवढी ही छाती, या कौतुकाने त्या हसत. पण हे आता कोणत्या तोंडाने सांगणार?

“झोपा,” त्या जेलची बाटली उचलत म्हणाल्या. “आज जे दिसेल ते मी स्वतः सांगते. नोकरी गेली तर गेली.”

तो उभाच राहिला.

“नको. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.”

ताईंनी शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं, त्याला आपली खुर्ची दिली आणि बाहेर येऊन रुग्णांच्या बाकावर बसल्या. दाराआडून सहकाऱ्याचा आवाज आला, “श्वास रोखून धरा.”

बाहेर ताईंनीही रोखला.