चौथं नाव

तीन वर्षं अर्ज करकरून थकलेल्या नुहाबाईंना अखेर अनुदान मंजूर झालं. हेगला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिरूप खटल्यांची स्पर्धा होती. चार विद्यार्थ्यांचा सगळा खर्च मिळणार होता. नाब्लुसच्या विद्यापीठातल्या आपल्या खोलीतून बाईंनी पहिला फोन लावला तो गाझात, जुमानाला.

जुमानाचं स्वतःचं विद्यापीठ जमीनदोस्त झालं होतं. तेव्हापासून ती देर अल-बलाहच्या तंबूतून, फोनवरूनच बाईंच्या वर्गात बसायची. लेखी युक्तिवादाचा निम्मा भाग तिनेच लिहिला होता.

"सरावाला आईला न्यायाधीश करते," ती हसत म्हणाली. "दोन वाक्यं झाली की म्हणते, पुरे झालं तुझं, पाणी आण आधी!"

पण गाझातून बाहेर पडायची परवानगी काही मिळेना. बाईंनी पाच आठवडे वकिलातींचे उंबरठे झिजवले. मग अनुदान देणाऱ्यांचं पत्र आलं, अगदी अदबशीर. प्रत्यक्ष प्रवास न करणाऱ्याला अनुदान देता येत नाही. पडद्यावरून बोलणं स्पर्धेच्या नियमांत बसत नाही. गुरुवारपर्यंत चौथं नाव बदलून कळवावं.

बाईंचा हातच चालेना. मंगळवारी जुमानानेच फोन केला.

"वर्गातल्या रघदचं नाव घाला, बाई. आवाज खणखणीत आहे तिचा."

"गप्प बस गं. अजून दोन दिवस आहेत."

"दोन दिवसांत सीमा उघडणार आहे का? जागा वाया जाईल. फक्त तिला सांगा, मी लिहिलेला उपासमारीचा मुद्दा घाईघाईने उरकू नकोस."

बाईंनी नाव बदललं, आणि कुणी येऊ नये म्हणून खोलीची कडी लावून घेतली.

हेगला मुलं उपांत्यपूर्व फेरीत हरली. पण लेखी युक्तिवादाला दुसरं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्र हातात घेऊन रघद सगळ्यांसमोर हमसून रडली. "हे माझं नाहीये," एवढंच म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी जुमानाचा फोन लागला. बाईंनी प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं.

"माझं नाव नाही ना त्यात?"

"नाही गं."



"परीक्षकांनी काय म्हटलंय ते परत वाचा ना, बाई," जुमाना म्हणाली. "सावकाश वाचा. आईला ऐकवायचंय."