पाहुण्यांची गॅलरी

मुकुंदरावांच्या बोलण्यातून कोल्हापूर वजा केलं, तर बाकी फारशी काही उरत नसे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात सासऱ्यांच्या कापडदुकानावर बसायला आले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. घरजावई म्हणून आले, मालक झाले, बायको सुमनबाई गेल्यावर एकटे झाले. हुबळीकर मात्र झाले नाहीत. इथला चहा पातळ, इथली भांडणं मिळमिळीत, इथल्या पैलवानाचे कानसुद्धा नीट मोडलेले नाहीत. सकाळी चहाच्या गाड्यावर तोंड उघडायचं ते ‘आमच्या कोल्हापुरात’ म्हणूनच. त्यांचे मित्र वादिराज बँकेतून निवृत्त झालेले, दुसऱ्याच्या खात्यात डोकं घालायची सवय न सुटलेले. ते म्हणत, “आज चहा हातात येईपर्यंत दम धरलात की हो! तब्येत बरी आहे ना?”

अशात फुटबॉलची ती नवी व्यावसायिक लीग निघाली. देशातली दुसऱ्या पायरीवरची, पहिलाच हंगाम. वरच्या लीगनं ज्यांना घेतलं नाही आणि घरच्यांनी ज्यांना नोकरीला लावलं नाही, त्यांची ही लीग, असा वादिराजांचा हिशेब. हुबळीचा संघ निघाला, उणकल एफसी. कोल्हापूरचाही निघाला. मग काय विचारता! कापडाचा गठ्ठा फुटावा तसे मुकुंदराव फुटले.

“रविवारी आमची मॅच. पुतण्या प्रशांत दोन गाड्या भरून पोरं आणतोय. पाहुण्यांच्या गॅलरीत बसणार आम्ही. मग माझ्या घरी तांबडा-पांढरा.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे आम्ही.”

“आणि चाळीस वर्षं हा चहा प्यायला तो?”

“चहा प्यायल्यानं गाव बदलत नसतं, वादिराज.”

माणूस दुखावला की तो कप जरा जोरात ठेवतो, वादिराजांनी ठेवला.

रविवारी स्वयंपाकाच्या रंगूबाईंनी माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. सुमनबाई गेल्यापासून ते उतरलं नव्हतं. “किती माणसं धरू?”

“तीस धरा.”

“धरते,” रंगूबाई म्हणाल्या. “आली म्हणजे झालं.”

मैदानाच्या एका कोपऱ्यात बांबू बांधून, हिरवी जाळी लावून पाहुण्यांची गॅलरी केली होती. दाराशी सत्याप्पा नावाचा पोलीस, पोट पट्ट्याच्या बाहेर आणि शिट्टी तोंडात.

“किती जण री, अण्णा?”

“मागनं येतायत.”

आत चारशे खुर्च्या असाव्यात. मुकुंदरावांनी मधली बघून घेतली, म्हणजे दोन्हीकडे पोरं बसतील. बूड टेकतंय तोच फोन वाजला.

“काका, घोळ झाला,” प्रशांत म्हणाला. मागं ढोल, शिट्ट्या, सगळी पेठ ऐकू येत होती. “आपल्या तालमीच्या संघाची मॅच आजच लागली. पोरं म्हणतात, भाड्यानं आणलेले खेळाडू बघायला हुबळीला कोण जाणार? त्या संघात आपलं आहे तरी कोण?”

“अरे, नाव कोल्हापूरचं आहे!”

“असू दे की. तुम्ही आहात ना तिथं? तुम्ही तर तिथलेच.”

फोन बंद झाला. समोरच्या गॅलरीत चहाच्या गाड्यावरची सगळी मंडळी दिसत होती. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असताना वादिराजांनी शेजारच्या खुर्चीवर एसटीत टाकतात तसा रुमाल टाकला होता, आणि हात हलवून ओरडत होते, “मुकुंदराव, बर्री इकडं! जागा धरलीय!”

जायला काय, मैदानाला अर्धा वळसा. पण इतक्या दिवसांचं बोलणं आडवं आलं. मुकुंदरावांनी मान दुसरीकडे वळवली आणि कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं दाराकडे पाहिलं. दारात सत्याप्पा शेंगा खात होता.

खेळ सुरू झाला. कोल्हापूरच्या जर्सीतली पोरं एकमेकांना इंग्रजीत, हिंदीत आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांत हाका मारत होती. एक गोव्याचा, दोन केरळचे, आघाडीचा पोरगा मिझोरामचा. त्यानंच उत्तरार्धात गोल घातला. घातला आणि सवयीनं पाहुण्यांच्या गॅलरीकडे धावत सुटला, हात पसरून, तोंड उघडून; आणि जाळीपाशी येऊन थबकला. समोर एक म्हातारा आणि एक पोलीस.

मुकुंदराव उभे राहिले. पेठेची जुनी आरोळी त्यांनी पोटातून काढली; चाळीस वर्षं बंद पेटीत होती, मधेच फाटली. पोराला शब्द कळला नाही. दवाखान्यात अनोळखी रोग्याला करावा तसा त्यानं नमस्कार केला आणि पळत परत गेला.

थोड्याच वेळात उणकलच्या डाव्या बचावपटूनं लांबून चेंडू मारला तो थेट जाळ्यात. काय तो पाय! मुकुंदरावांच्या टाळ्या आधी वाजल्या.

“अण्णा,” सत्याप्पा म्हणाला, “ते नम्म गोल री. तुमचं नव्हे.”

भोंग्यावर नाव आलं: मयूर साळोखे, कोल्हापूर. सगळ्या मैदानात तोच एक कोल्हापूरचा, आणि खेळत होता हुबळीकडून.

एक-एकवर सामना संपला. मुकुंदराव दाराकडे निघाले, तर सत्याप्पानं काठी आडवी धरली. “इथल्या लोकांनी आधी जायचं, मग पाहुण्यांनी. मारामारी नको म्हणून रूल आहे.”

“मी दुर्गदबैलचा आहे रे! तो पलीकडं चाललाय तो माझा मित्र.”

“मग इथं का बसला री?”

समोर वादिराजांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला, झटकला, घडी करून खिशात घातला. एकदा इकडे पाहिल्यासारखं केलं आणि गर्दीबरोबर बाहेर पडले. मैदान रिकामं होत गेलं. स्वतःच्या गावापासून सांभाळून ठेवलेला माणूस चारशे खुर्च्यांत उभा राहिला.

मयूर अंग सैल करत कडेनं धावत होता. जाळीपाशी आला.

“काका, आरोळी तुम्ही मारलीत? अंगावर काटा आला. कुठली पेठ?”

“मंगळवार.”

“मीही मंगळवारच!” पोराचा चेहरा उजळला. “एवढ्या लांबून आलात? एकटेच? आता परत कसे जाणार?”

आता खरं बोलायचं होतं. दुर्गदबैल, कापडदुकान, चाळीस वर्षं. पण ‘एवढ्या लांबून आलात’ असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सुख होतं ते. ते सोडवेना.

“बस उभी आहे बाहेर,” मुकुंदराव म्हणाले.

“नशीब काका तुमचं. रात्री घरी जेवाल.” मयूर जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. “मी इथं नवनगरात खोली घेऊन राहतो. संघात माझ्या भाषेतलं कुणी नाही. खानावळीत रोज सांबार. रस्सा बघून किती दिवस झाले, विचारू नका. पेठेत गेलात की माझ्या वाटचा एक घोट घ्या.”

मुकुंदरावांचं तोंड उघडलं. तीस माणसांचा रस्सा मैलाच्या आत चुलीवर उकळत होता. पण बस बाहेर उभी होती. ती त्यांनीच आणून उभी केली होती, आता हलवणार कोण?

“घेतो,” ते म्हणाले.

“चला, पळतो. बस चुकेल तुमची.”

सत्याप्पानं सगळं ऐकलं होतं. दार उघडून तो त्यांच्यामागून बाहेर आला. बाहेर बस नव्हती, मुकुंदरावांची स्कूटर होती. तिच्याकडे बघून त्यानं फक्त शिट्टीला लागलेलं शेंगेचं टरफल पुसलं.

“सत्याप्पा, जेवायला चल माझ्याकडं. मटण आहे.”

“आम्ही लिंगायत री, अण्णा. पण बोलावलं, पोट भरलं बघा.”

घरी रंगूबाईंनी पत्रावळ्यांच्या दोन पंगती मांडल्या होत्या. “पाहुणे?”

“त्यांची बस सुटायची होती.”

रंगूबाईंनी एक पत्रावळ ठेवून बाकीच्या गोळा केल्या. मुकुंदरावांनी तांबड्याचा घोट घेतला. रंग बघावा तर लालभडक. तिखट नावाला नाही.

“अहो रंगूबाई, हा कसला कोल्हापुरी? एका घोटात ओळखलं असतं पोरानं. मिरची कुठली घातली?”

“ब्याडगी. नेहमीचीच.”

“लवंगी का नाही?”

“तुम्हीच बंद केलीत की,” रंगूबाई म्हणाल्या. “सुमनवहिनी होत्या तेव्हाच. सोसत नाही म्हणालात.”

मुकुंदरावांनी आणखी एक वाटी मागितली. तीही सहज सोसली.